गाडीला टायर खाऊ घालण्याची पद्धत (नवशिक्यांसाठी)

आमच्याकडे गाड्या टायर झिजवत नाहीत, खातात. अलाइनमेंटवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळे हाच शब्द वापरतात. तेव्हा खायचंच आहे तर तिला नीट खाऊ घाला. खालच्या सूचनांमागे माझा स्वतःचा, दीड वर्षात गोटा झालेला, पुढचा डावा टायर आहे.

सुरुवात खड्ड्याने करावी. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर एक फेरी मारलीत तर उत्तमच, पण गल्लीतला पाण्याने भरलेला खड्डाही चालतो. वेग कमी करू नये. ‘धाड्’ झालं की बायकोकडे न बघता गाणं मोठं करावं. खाली टाय रॉड वाकला असेल, लोअर आर्मचा बुश फाटला असेल. ते बघायला वाकायचं नाही.

आता चाकं किंचित फेंगडी झाली. फेंगड्या माणसाची चप्पल एका कडेने झिजते, तसंच टायरचं होतं. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल, पण छोट्या गाडीचं चाक एका किलोमीटरला पाचशेहून जास्त गिरक्या घेतं आणि दर गिरकीला थोडं रस्त्यावर घासलं जातं. गंमत म्हणजे पुढची चाकं अशी बाहेर फाकली की झीज आतल्या कडेला होते. बाहेरून नक्षी नव्यासारखी, शेजारी म्हणतात, ‘टायर छान आहेत हो!’ स्टिअरिंग पूर्ण वळवून आत डोकावलं तरच ती कड दिसते. माझ्या टायरच्या आतल्या तारा पंक्चरवाल्याने चाक काढल्यावर दिसल्या. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

हवेचंही पथ्य सांभाळा. पंपावर पोरगा ‘किती?’ विचारतो, तेव्हा मनात येईल तो आकडा ठणकावून सांगावा. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, पण चौकटी कोण वाचतं? कमी हवेने टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त हवेने मधोमध. हवा टायर गार असताना मोजायची असते, म्हणून आपण घाट उतरून आल्यावर मोजावी.

एवढ्यात गाडी डावीकडे ओढू लागेल. घाबरू नका, कारण तयार आहे : पाणी वाहून जावं म्हणून रस्ते मधे उंच, कडांना उतरते केलेले असतात, आपण डावीकडून चालतो, म्हणून गाडी डावीकडे जाते. हे शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच इतकं उपयोगी. त्या उताराने गाडी हळूच कलते, आणि माझी तर दुधाच्या केंद्राकडे वळायची. सपाट मोकळ्या जागेवरही ती ओढते का, हे मात्र चुकूनही तपासू नका. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर ब्रेक बघावे लागतील. पुढचे दोन टायर अदलाबदल करून ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा निघेल. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करत नाहीत.) मग आपल्याला बोलायला काय उरलं?

फारच झालं तर बॅलन्सिंग करून यावं. बॅलन्सिंगने ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं थांबतं, ओढणं तसंच राहतं. पैसे मात्र खर्च होतात, त्यामुळे घरात काहीतरी केल्यासारखं दिसतं. अलाइनमेंट करायचीच वेळ आली तर फाटका बुश तसाच ठेवून करावी. कागदावर सगळे आकडे हिरवे येतात आणि पुढच्या गतिरोधकाला पुन्हा लाल.

मी अखेर बुश बदलले, अलाइनमेंट केली, दोन नवे टायर घातले. घालण्याआधी टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्या अंगावरचे चार आकडेही वाचले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आता गाडी सुतासारखी सरळ जाते. मी जात नाही. दीड वर्ष स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरायची मनगटाला सवय लागली आहे, आणि समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न देतात.