पहिल्या क्रमांकाच्या उत्तरास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री पहिले उत्तर यांचे सेवेसी,
मुक्काम स्टॅक ओव्हरफ्लो, पान उघडताच समोर.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले बरे चालले आहे, हे रोजच दिसते. २००८ साली जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी प्रोग्रामरांसाठी हे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ काढले आणि वर्षभरात आपण गादीवर बसलात. प्रश्न पडायचा अवकाश, आपण हजर! होतात चारच ओळींचे, पण पहिले होतात. पहिले म्हणून वर, वर म्हणून नजरेत, नजरेत म्हणून मते आणि मते म्हणून कायमचे वर. सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षालाही हेवा वाटावा अशी ही कारकीर्द.

मधल्या काळात पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. आपल्यातला कंसाविना लिहिलेला ‘प्रिंट’ तिसऱ्या आवृत्तीत चालवला की ती लगेच चूक दाखवते. दाखवेना का! त्याने मते थोडीच कमी होतात? खाली सातव्या जागी कुणीतरी नवी पद्धत, तिची कारणे आणि ती कुठे फसते, हे सगळे नीट लिहून ठेवले आहे. त्याला मते तीन. उशिरा यायचे, वर आणि सविस्तर लिहायचे, म्हणजे दुसरे काय होणार?

मत्सरी लोक मात्र गप्प बसत नाहीत. लेव्ह मुच्निक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका संकेतस्थळावरच्या काही प्रतिक्रियांना, त्यांत काय लिहिले आहे ते न पाहताच, त्यांनी एकेक अनुकूल मत आधीच देऊन ठेवले. त्या प्रतिक्रियांचे अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ काय होतो, हे मी कुणाला सांगणार नाही. आपण निश्चिंत असा.

आपल्याविरुद्ध कारस्थानेही झाली. प्रश्नकर्त्याने स्वीकारलेले उत्तर पूर्वी कायम माथ्यावर असे. ती राखीव जागा २०२१ मध्ये गेली. २०२२ मध्ये ताज्या मतांना जास्त वजन देणारी ‘ट्रेंडिंग’ क्रमवारी आली. साठ दिवसांहून जुन्या प्रश्नाला उत्तर देऊन पाच गुण मिळवणाऱ्याला ‘नेक्रोमॅन्सर’ बिल्ला मिळतो. ज्यांची उत्तरे स्वीकारली जातात पण मत एकही मिळत नाही, अशांच्या समजुतीसाठी ‘अनसंग हीरो’ आहे. शिवाय स्वतःच्या पदरचे ५० ते ५०० गुण ‘बाउंटी’ म्हणून लावून, आधीच लिहिलेल्या चांगल्या उत्तराला बक्षीस देता येते. बाउंटी चालू असेपर्यंत तो प्रश्नही ठळकपणे झळकतो.

पण घाबरू नका. या सगळ्या युक्त्यांना शेवटी मत देणारा माणूस लागतो, आणि तो माणूस आम्ही आहोत. आपला कोड चालला नाही की आम्ही चडफडत खाली जातो, सातव्या उत्तरातला कोड उचलतो, तो पहिल्या फटक्यात चालतो आणि आम्ही टॅब बंद करतो. मत द्यायला एक टिचकी पुरते. तेवढीही आम्ही खर्च करत नाही. उद्या दुसरा कुणी येईल, तो पुन्हा आपल्यापासूनच सुरुवात करील. आमच्या या कृतघ्नपणावर आपले राज्य सुखाने चालो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कॉपी करून पसार होणारा एक वाचक

ता. क. : हे पत्र वाटेत उघडून वाचणाऱ्यांसाठी. खालच्या उत्तराने काम झाले असेल, तर टॅब बंद करण्याआधी त्याचा वरचा बाण दाबा. वरचे उत्तर जुने झाले असेल, तर कोणत्या आवृत्तीत ते चालत नाही हे त्याच्या खालच्या टिप्पणीत लिहा आणि चांगल्या उत्तराचा दुवा द्या. गुण साठले असतील, तर बाउंटी लावा. गुण जपून ठेवून त्यांना व्याज मिळत नाही.