जाहिराती कापू नका

"दादा, या वेळी जाहिराती कापू नकोस," असं आत्यानं समथरहून पोस्टकार्डावर लिहिलं होतं. समथर म्हणजे झाशी जिल्ह्यातलं किल्ल्याचं गाव, एके काळचं छोटं संस्थान. तिच्या यजमानांची बँकेतली बदली तिथं झालेली. मुंबई दूरदर्शन तिथं दिसायचं नाही. म्हणून बाबा पुण्यात शनिवारचा मराठी चित्रपट टेप करायचे आणि फराळाच्या डब्याबरोबर ती कॅसेट झेलम एक्स्प्रेसनं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती झाशीपर्यंत धाडायचे.

बाबांची शिस्त कडक. जाहिरात लागली की पॉजवर बोट, चित्रपट सुरू झाला की बोट वर. तीन तासांची कॅसेट महाग, तिच्यात साबण कशाला भरायचा? आत्याला नेमका तो साबणच हवा होता.

तेव्हा मला ते कळलं नाही. नरक चतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नानाची घाई त्या गल्लीत फक्त तिच्याच घरात असायची. उटणं, सुवासिक तेल, पैठणी, चकलीची भाजणी हे सगळं मराठी बाईच्या आवाजात अर्ध्या मिनिटात घरात यायचं, ते जाहिरातीतून. चित्रपटातली माणसं कुठल्या तरी गावची असत. जाहिरातीतलं घर तिला माहेरचं वाटे.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1 जानेवारी 1976 पासून. एकच वाहिनी, त्यामुळे एकच जाहिरात सगळा वाडा एकाच क्षणी पाहायचा. आज प्रत्येकाच्या फोनवर वेगळी जाहिरात येते. म्हणून जुन्या जाहिरातींच्या आठवणींना कुणी बाष्कळ म्हटलं की मला राग येतो. पश्चिमेत लोक नाताळच्या जाहिराती अशाच जिवापाड जपतात. कोका-कोलाची दिव्यांनी उजळलेल्या ट्रकांची 1995 सालची जाहिरात 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेनं नव्यानं बनवली, तर प्रेक्षक संतापले. बरोबरच आहे. आठवण माणसांची असते, तिची नक्कल यंत्राकडून कशी चालेल? उलट कॅडबरीनं 1994 ची क्रिकेटच्या मैदानावरची नाचणारी मुलगी 2021 मध्ये पुन्हा आणली, तेव्हा खेळाडू मुलगी होती आणि नाचणारा मुलगा. तिथं सांगण्यासारखं काही होतं, म्हणून ती मनाला भिडली.

आपल्याकडे मोती साबण. जाड, गोल, लहान मुलाच्या मुठीत न मावणारा. त्याच्या जाहिरातीत पहाटे दारं ठोठावत सगळ्यांना उठवणारे 'अलार्म काका' विद्याधर करमरकर 2022 मध्ये गेले, तेव्हा त्यांना कधीही न भेटलेल्या मराठी घरांत चुकचुकल्यासारखं झालं. साबणाच्या जाहिरातीला याहून मोठं यश कोणतं!

पण जुन्या जाहिराती जपल्या कुणी? आपणच पॉज दाबून त्या पुसल्या. उरल्या त्या फक्त जिथं बोट विसरलं तिथं.

त्या वर्षी बाबांनी पॉज दाबला नाही. जाहिराती सगळ्या आल्या, पण टेप पुरली नाही आणि चित्रपटाचा शेवट राहून गेला. आत्यानं त्याबद्दल एका अक्षरानं तक्रार केली नाही. ती कॅसेट आता माझ्याकडे आहे. बाजूच्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात 'समथर' आणि खाली 'न कापता'.

तुमच्या माळ्यावर, दिवाणाखाली अशी व्हीएचएस असेल. या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात देऊ नका. दमट हवेत टेपला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालूच नका, टेप तुटेल. जाणकाराकडे नेऊन तिचं डिजिटल रूपांतर करून घ्या. आणि त्याला एवढं बजावून सांगा, जाहिराती कापू नका.