किलोमीटरला ३८, नदीला ५

भाऊकाकांच्या लग्नाचं वऱ्हाड टेम्पो मॅटाडोरमधून गेलं होतं. बावीस माणसं, चार ट्रंका आणि एक रुसलेले मामा. तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही मोठ्या गाडीला ‘टेम्पो’च म्हणतात. हे नाव मूळचं हॅम्बर्गच्या कारखान्याचं, हे कळल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, “असेल, पण वाढला आपल्याकडे.”

यंदा गणपतीपुळ्यासाठी अर्बेनिया व्हॅन ठरवली. १९८७ साली आलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरच्याच घरातली, पण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. २.६ लिटरचं इंजिन, ११५ अश्वशक्ती, ७० लिटरची टाकी. आम्ही सोळा, सतरावे ड्रायव्हरदादा. भाडं किलोमीटरला ३८ रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर, भत्ता वेगळा, टोल आपला. ड्रायव्हरशेजारी वही घेऊन बसलेल्या भाऊकाकांनी कात्रजच्या आत हिशेब लावला, “माणशी दोन रुपये अडतीस पैसे. फुकट आहे!”

गाडी खरंच सुरेख. ताठ उभं राहिलं तरी डोक्याला टेंगूळ नाही. प्रत्येकाला स्वतःचा दिवा, स्वतःचं चार्जिंग, स्वतःचा एसीचा झोत. त्यामुळे एसीवरून भांडण नाही. खंबाटकी आला तरी कोणी कोणाशी बोललं नव्हतं. काकूंना वाटलं, घरात काहीतरी बिनसलंय.

भुईंजजवळ कृष्णेचा पूल आला. काकूंनी पाचाचं नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि काच सरकवू लागल्या. काच भिंतीएवढी मोठी, पण सरकायला फटच नाही.

“अहो, ही उघडते कुठून?”

“उघडत नाही काकू. एसी गाडी आहे.”

“म्हणजे कृष्णामाईला तसंच ओलांडायचं?”

पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली. काकू नाणं घेऊन नदीकडे, सोबतीला दोन सुना. एसी चालू ठेवायचा म्हणून इंजिन चालूच. आता थांबलोच आहोत तर, म्हणून बाकीचे समोरच्या टपरीवर. काकू परतल्या तेव्हा चौतीस वडापाव आणि सतरा चहा झाले होते. भाऊकाकांनी वहीत लिहिलं: ‘कृष्णा नदी – ९४० रु.’

पुढे आंबा घाटात आवळासुपारी फिरली, दोन पिशव्या कामी आल्या आणि गाडीत एकदाची बोलाचाली सुरू झाली.

येताना दादांनी हिशेब सांगितला: सातशे किलोमीटर, लिटरला दहाचा अ‍ॅव्हरेज. भाऊकाकांची वही मात्र डिझेलपेक्षा सोलकढी, आंबापोळी आणि शहाळ्यांनीच भरली होती.

पुन्हा कृष्णेचा पूल आला. या वेळी काकूंनी नाणं पुढे दिलं. सोळा हातांतून ते भाऊकाकांकडे पोहोचलं. त्यांची काच बटण दाबताच खाली गेली. नाणं थेट पात्रात. गाडी थांबली नाही, पैसा वाचला.

“ही काच जाताना नव्हती का उघडत?” मी विचारलं.

“उघडत होती की,” भाऊकाका पुटपुटले. “पण तेव्हा भूक लागली होती.”