बावीस गेजचे भाऊजी

आमच्या वर्धेकडे पत्रा म्हटलं की पहिल्यांदा कूलर आठवतो. एप्रिल लागला की पारा ४५ अंशांकडे सरकायला लागतो आणि शहाणी माणसं दुकानात जाऊन जी.आय.ची पेटी उचलून आणतात. वाळ्याच्या ताट्या बसवल्या, पंप सुरू केला, की झोपायला मोकळी. भाऊजी मात्र कूलर घरी घडवतात. म्हणजे घडवत असतात.

रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी पिपरी (मेघे)च्या घरामागं शेड टाकलं आणि नागपूरहून एक सेकंड हँड थ्री-इन-वन मशीन आणलं. पत्रा कापणं, वाकवणं आणि गोल करणं ही तिन्ही कामं त्यात होतात. मशीन ३० इंची, बाजारातला पत्रा ८ बाय ४ फुटांचा. म्हणजे पत्रा मशीनवर कापायचा तर आधी तो हातकातरीनं कापावा लागतो. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून देणाऱ्याला चहा मिळत नाही.

मिक्सर बंद पडला की ज्यांचा चेहरा उजळतो अशी माणसं तुमच्याही घरात असतील. भाऊजी त्यातले. सकाळी ताईनं विचारलं, “आज होईल का कूलर?” की उत्तर ठरलेलं, “कूलरचं काय घेऊन बसली? आधी मशीनचं पाहू दे.” गेल्या उन्हाळ्यात पत्रा कापला जायच्या ऐवजी पात्यांच्या मधे दुमडून बसायला लागला. भाऊजींनी आधी पत्रेवाल्याला दोष दिला, “बावीस गेज म्हणून चोवीस देऊन राहिला.” मग म्हणाले, लाइट डिम होती. मशीन हातानं चालतं, हे मी सांगितलं नाही. मला चहा हवा होता.

पण मजा अशी, की एवढं सगळं बोलून झाल्यावर माणूस शांत होतो आणि खरा फिटर जागा होतो. चष्मा कपाळावरून नाकावर येतो. मग ते मला समजावतात: दोन पात्यांमधली फट पत्र्याच्या जाडीच्या पाच-दहा टक्केच पाहिजे. बावीस गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास, तर फट किती झाली सांग! मी गप्प. मग ते पेपरची पट्टी घेऊन पात्यांवर डावीकडून उजवीकडे कापत जातात. जिथं कागद स्वच्छ कापला गेला तिथं फट बरोबर, जिथं चुरगळला तिथं बोल्ट आवळायचा. त्या दिवशी विजेचं बिलही याच कामी गेलं.

वाकवण्याचं दुखणं वेगळं. लांब पत्र्याचा कोन दोन्ही टोकांना नव्वद अंश भरतो आणि मधे जरा उघडा राहतो, कारण जोर पडला की बीम मधोमध लवतो. उपाय म्हणजे डायखाली मधल्या भागात पॅकिंग. त्यासाठी भाऊजी लग्नपत्रिका जमवतात. पत्रिका हातात पडली की वधूवरांची नावं नंतर, आधी मायक्रोमीटर. “पॉइंट तीन भरते. चांगल्या घरचं दिसते लग्न.”

रोलरनं तर ताईची धान्याची कोठी नरसाळ्यासारखी करून दिली. मागच्या रोलरचा एका बाजूचा स्क्रू जास्त आवळला गेला होता. शेवटी पाणसळ लावून पाहिली तर शेडची फरशीच उतरती निघाली. एक पाय अधांतरी, तो बोल्टनं खाली ओढलेला, त्यामुळं अख्खी फ्रेम पिळलेली. तेव्हा भाऊजींना झालेला आनंद मुलाच्या लग्नातही मी पाहिला नव्हता.

पाहुणा आला की आधी पत्र्याचं दुसरं टोक धरायचं आणि मग भाऊजींबरोबर मगन संग्रहालयात जायचं, अशी त्या घरची रीत आहे. ग्रामोद्योगांचं हे संग्रहालय गांधीजींनी १९३८ साली उघडलं. तिथल्या चरख्यांपुढे उभं राहून भाऊजी १९२९ सालच्या त्या लाखाच्या बक्षिसाची गोष्ट सांगतात. सुधारलेला चरखा बनवणाऱ्याला अखिल भारतीय चरखा संघानं एक लाख रुपये जाहीर केले होते. अटी भाऊजींना तोंडपाठ: किंमत १५० रुपयांच्या वर नको, यंत्र २० वर्षं टिकलं पाहिजे, वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत पाहिजे. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. हे सांगताना, आपण उशिरा जन्मलो याची हळहळ त्यांच्या आवाजात असते.

परवा जेवताना ही गोष्ट पुन्हा निघाली. ताई भाकरी वाढता वाढता म्हणाली, “तुमच्या मशीनचा खर्च बसते का हो पाच टक्क्यांत? मी लिहून ठेवला आहे.”

भाऊजींनी घास संपवला, पाणी प्यायले.

“ते बक्षीस पाहिजे असंल त्याच्यासाठी आहे,” ते म्हणाले, “मले कुठं बक्षीस पाहिजे?”