बासरीला वैद्य हवा

पन्नालाल घोषांनी गुराख्याची बासरी लांबवून ख्यालाच्या मैफलीत आणून बसवली. आता गल्लोगल्ली बासरीचे क्लास आहेत. दुरुस्त करणारा मात्र शोधून दाखवा! थंडीच्या कोरड्या हवेत जुन्या, हाताने घडवलेल्या बासरीला उभी चीर गेली, की दुकानदार ती हातातही न घेता म्हणतो, "नवीन न्या ना, ऑफर आहे." दुसरा महाभाग कानस काढून भोकच मोठं करतो. स्वर चढतो तो चढतोच, वर हा विचारतो, "कशी खणखणीत झाली?" खरं काम एवढंच: चिरेतली धूळ काढायची, पातळ गोंद मुरू द्यायचा, मग दोरा वेढ्याला वेढा भिडवून घट्ट गुंडाळायचा, चढलेला स्वर भोकाच्या कडेला कणभर मेण लावून उतरवायचा. पण कणभर म्हणजे किती, हे कानाला कळावं लागतं, आणि कानाचं बिल कुणाला फाडता येत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे कारागिरांची अख्खी गल्ली आहे. बासरीवाल्यांनो, तुम्ही आपलं दोऱ्याचं रीळ घरात ठेवा आणि कानसवाल्यापासून चार हात लांब राहा.