घाट अजून ओला आहे!

पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळा मागे पडला की डब्यातली झाडून सगळी माणसं खिडक्यांवर तुटून पडतात. धबधबा, धुकं, मोबाइल, पुन्हा धबधबा. एखादाच गृहस्थ असा निघतो की धबधब्याकडे त्याचं लक्षच नसतं. बोगद्याच्या तोंडाशी दगडी भिंतीला ओल नेमकी कुठून येते, ते तो बघत असतो. गाडी अंधारात शिरली की पोरं ओरडतात आणि हा मात्र खिशातून वही काढून अंदाजाने लिहितो : ‘ओघळ पांढरा, कडेला काळपट, खाली शेवाळ.’ हा रेल्वेचा इंजिनिअर नसतो, भूगर्भशास्त्रज्ञ तर नसतोच. हा घरच्या घरी घाट बांधणारा माणूस असतो.

अशी माणसं पुण्यात जरा जास्त निघतात. त्याचा थोडा दोष कैलासवासी भाऊसाहेब जोश्यांकडे जातो. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ त्यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. सुट्टीत मुलांना तिथे घेऊन येणारे बाप दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचे घड्याळ बघतात. दुसऱ्या जातीचे बाहेर पडताना मुलाला आतच विसरतात. त्या दुसऱ्या जातीतले एक काका आमच्या सोसायटीत राहतात.

काका बँकेत होते. जन्मभर इतरांच्या घरबांधणीच्या कर्जाच्या फायली तपासल्या, स्वतः मात्र विटेला वीट लावली नाही. मुलगा जर्मनीला गेला तेव्हा त्याची खोली मोकळी झाली, तिथे आता शिवणाचं मशीन ठेवता येईल, असं काकूंना वाटलं. काकांना त्या खोलीत कर्जत ते लोणावळा दिसलं.

आता हा घाट किती मोठा? मूळ चढण 1,831 फुटांची, अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. काकांचं सगळं काम 1 ला 87 या प्रमाणात. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस बरोब्बर दोन सेंटीमीटरचा. या हिशेबाने अख्खा घाट बांधायचा तर कर्जत आमच्या फाटकाबाहेर तीनशे मीटरवर, रिक्षा स्टँडपाशी येतं आणि लोणावळा एकवीस फूट उंचीवर, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या देवघरात. काकांनी हा नकाशा खरोखर काढला होता. दुसऱ्या मजल्यावरच्यांना तो दाखवलाही होता. ते अजून काकांशी नीट बोलत नाहीत.

मग तडजोड म्हणून एकच खिंड, एक बोगदा आणि एक दगडी पूल ठरला. घाटाची चढण सदतीस फुटांना एक फूट. तेवढ्यावरून काका हटेनात, त्यामुळे खोलीची बारा फुटांची भिंत संपेपर्यंत रूळ जेमतेम चार इंच चढतात. “एवढ्याला घाट कशाला म्हणायचं?” असं काकू म्हणाल्या, त्या दिवशी काका जेवले नाहीत.

माझं मत विचाराल तर या माणसाचं मूळ दिवाळीच्या किल्ल्यात आहे. आपल्याकडे प्रत्येक पोराने विटा, गोणपाट आणि चिखल घेऊन किल्ला केलेला असतो, त्यावर अळीव पेरलेला असतो, महाराजांपेक्षा उंच मावळा दरवाजावर उभा केलेला असतो. तुळशीचं लग्न लागेपर्यंत सगळ्यांचे किल्ले मोडतात आणि पोरं क्रिकेटकडे वळतात. काका वळले नाहीत, एवढंच. फक्त आता मावळा महाराजांपेक्षा उंच चालत नाही.

पूल बघायला मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा दारातच बजावलं, “टेकू नका हं, घाट अजून ओला आहे.” हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की सोसायटीत कुठलंही काम रखडलं की आम्ही तेच म्हणतो.

पुलाचा सांगाडा सनबोर्डचा. त्याच्यावर दगड. हे दगड मी आधी विकतचे समजलो होतो. तसे मिळतातही. मुलाने एकदा जर्मनीहून दगडी भिंतीचे छापील तक्ते आणले होते. काकांनी ते उन्हात धरून पाहिले आणि परत पिशवीत घातले. ते तिकडच्या वालुकाश्माचे, बदामी रंगाचे. सह्याद्रीच्या बेसॉल्टला ते कुठून चालणार? मग फोमच्या पातळ पट्ट्यांवर बोथट पेन्सिलीने एकेक दगड कोरायचा, अॅल्युमिनियमच्या कागदाचा चुरगळलेला बोळा त्यावर दाबून खडबडीतपणा आणायचा, कोपऱ्याचे दगड जरा मोठे ठेवायचे, कमानीचे दगड मध्यबिंदूकडे रोख धरून तिरके कापायचे. सरळ कापले तर कमान उभी राहते, पण पाहणाऱ्याच्या मनात ती पडते, असं काकांचं म्हणणं.

“रंग कुठला दिसतो?” काकांनी टॉर्च मारून विचारलं.

“काळा.”

काका इतक्या करुणेने हसले की मला लहान झाल्यासारखं वाटलं. “काळा दगड जगात कुठेही नसतो.” मग त्यांनी सगळा थाट उलगडला. आधी करडा हात. प्रत्येक पाचसहा दगडांमागे एक तपकिरी, एक निळसर. वाळल्यावर पाण्यासारखा पातळ केलेला काळा रंग वरून सोडायचा. तो आपणहून दरजांमध्ये उतरतो आणि सांधे उमटतात. शेवटी कोरड्या ब्रशला नावापुरता पांढुरका रंग लावून, तोही फडक्याला पुसून टाकून, दगडांच्या कडांवरून फिरवायचा. मग खांबाच्या बाजूला पाणी झिरपायची भोकं आणि त्यांच्याखाली चुन्याचे पांढरे ओघळ. खिशातल्या वहीतली ती नोंद इथे कामी येते.

मग त्यांनी मला खाली वाकायला लावलं. कमानीची आतली, पोटाकडची बाजूही दगडादगडाने कोरलेली होती. इथे कोणाची नजर जाणार, असं मी विचारलं. “गाडीतल्या माणसाला नाहीच दिसत,” काका म्हणाले, “पण खालून गुरं नेणाऱ्याला दिसतं.” पुलाखाली खरोखरच दोन सेंटीमीटरचा एक गुराखी मान वर करून उभा होता.

झाडांची गोष्ट वेगळी. परदेशी पाकिटात सगळी झाडं नाताळातली. ती खंडाळ्याला लावली तर मंकी हिलवरची माकडंसुद्धा गोंधळतील. म्हणून स्वयंपाकघराकडे मोर्चा. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची करवंदाची जाळी होते. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून गवत होतं. चहाचा चोथा वाळवला की पावसाळ्यानंतरची माती. खडी म्हणून बारीक चाळलेली वाळू रुळांमध्ये पसरायची आणि तिच्यावर ड्रॉपरने पातळ फेविकॉल सोडायचा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर फेविकॉल वाळूत मुरत नाही, थेंबाथेंबाने वरच बसून राहतो. स्पंज हिरवा करून मिक्सरमध्ये फिरवला की झाडाची पानं होतात आणि त्यानंतर आठवडाभर घरातली प्रत्येक चटणी संशयास्पद होते. माकडं तांदळाच्या दाण्याची. त्यातही आंबेमोहोराचं माकड होतं, बासमतीचं वानर. रेशनचा तांदूळ घेऊ नये, तुकडा फार असतो.

काकांच्या आयुष्यात खरं दुःख एकच आहे आणि ते तीन मिलिमीटरचं आहे. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा. त्याला 87 ने भागलं की 19.26 येतात. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे, कारण ते साहेबाच्या 1,435 च्या हिशेबाने केलेले. परिणामी आपलं धिप्पाड इंजिन त्यावर चोळणा आखूड झाल्यासारखं दिसतं. कोणाच्या ध्यानातही येत नाही, पण काका पाहुण्यांना ते स्वतःहून सांगतात. घरातली कुलकथा सांगावी तसं, आवाज खाली आणून.

दुसरं संकट सालाचं. काकांना खंडाळ्याचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन हवंय, जिथे गाडी थांबायची आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लागून उलटी निघायची. त्यांना डेक्कन क्वीनही हवी आहे. पण ते स्टेशन नव्या मार्गामुळे 1929 मध्ये वापरातून गेलं आणि डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली. दोघांची एकदाही गाठ पडली नाही. धुराचंही तेच. घाटात वीज त्याच सुमाराला आली. मग बोगद्याच्या कमानीवर काजळी दाखवायची की नाही? दाखवली तर ताजी की जुनी? या विषयावर काका आणि पिंपरीचे त्यांचे एक समव्यसनी मित्र असे भांडले की काकूंना मध्ये पडून पोहे करावे लागले.

काकू मध्ये पडतातच, त्याला इतिहासाचा आधार आहे. याच घाटाचं, म्हणजे भोर घाटाचं, कंत्राट घेऊन 1859 साली सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने ते काम अंगावर घेतलं आणि इंजिनिअर हाताशी धरून पुढे नेलं. घाट 1863 मध्ये खुला झाला. काका ही गोष्ट भारावून सांगतात. काकू शांतपणे भाजी निवडत म्हणाल्या, “म्हणजे तेव्हाही हौस नवऱ्याची आणि निस्तरायचं बायकोने.” बोलतात असं, पण पुलाचे कठडे त्यांनीच चिकटवलेत. काकांचा हात थरथरतो.

काका पूल मजबूत करण्यावर इतका जोर का देतात, तेही त्यांनी सांगितलं. 1867 च्या पावसाळ्यात याच घाटातला एक दगडी पूल कोसळला होता. तेव्हापासून काका सावध आहेत. पेशव्यांना पानिपत झोंबावं तसा त्यांना तो पूल झोंबतो. रस्त्यावरचा जुना अमृतांजन पूल 1830 चा, तो 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत पाडला. काकांनी त्या बातमीवर दोन दिवस मौन पाळलं आणि तिसऱ्या दिवशी मागच्या डोंगरापाशी तो बांधायला घेतला. “आता एवढाच उरलाय,” म्हणाले.

या सगळ्यात गाडी? गाडी आहे. इंजिन आहे, डबे आहेत, ते कपाटात पेटीत आहेत. धूळ बसू नये म्हणून. डोंगर पुरा झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही आणि डोंगर कधी पुरा होत नाही. दर पावसाळ्यात काका खंडाळ्याला जाऊन येतात आणि नवीन ओघळ घेऊन येतात. इतरांना यात वेडेपणा दिसतो. मला दिसत नाही. रोज संध्याकाळी एक माणूस दोन तास आपल्या दाराशी आलेल्या डोंगराकडे नीट बघत बसतो, यापेक्षा शहाणं काम या गावात फारसं चाललेलं नाही.

तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात तर गाडी केव्हा सुटणार, असं विचारू नका. खाली वाका, कमानीच्या आतून बघा आणि ओघळ अगदी मंकी हिलसारखा उतरलाय म्हणा. रंग काळा आहे, असं चुकूनही म्हणू नका. आणि घरात घोसाळ्याच्या वाळक्या जाळ्या असतील तर टाकू नका, घेऊन जा. बोगद्याच्या डाव्या अंगाला झाडी अजून कमी पडते आहे.