कॅमेरा घेण्यापूर्वी: तुलनेची शास्त्रशुद्ध पद्धत

कॅमेरा विकत घेणे हे तसे पंधरा मिनिटांचे काम आहे. दुकानात जावे, पैसे मोजावेत, पिशवी छातीशी धरून लोकल पकडावी. परंतु अशा घाईने आणलेल्या कॅमेऱ्याला घरात प्रतिष्ठा मिळत नाही. ‘नीट चौकशी केली होतीस का?’ या प्रश्नाला ठणकावून उत्तर देता आले नाही, तर पाऊण लाखाची वस्तूही फुकट गेल्यासारखी वाटते. म्हणून आधी तुलना करावी, आणि ती निदान एक दिवाळी ओलांडेल इतकी सखोल करावी.

उमेदवार दोनच ठेवावेत. तीन ठेवले की त्यातला एक पहिल्याच आठवड्यात बाद होतो, आणि मग माणसाला निर्णय घेण्याची सवय लागते. ती टाळावी. येथे नमुन्यादाखल कॅनन ईओएस आर५० आणि सोनी झेडव्ही-ई१० हे दोन घेतले आहेत. पहिला फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला, दुसरा जुलै २०२१ मध्ये. दोन्ही मिररलेस, म्हणजे जुन्या डीएसएलआरमध्ये फोटो काढताना खटकन वर उडणारा आरसा यांच्या पोटात नाही. दोन्हींच्या लेन्स बदलता येतात, दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी, आणि दोन्ही २४.२ मेगापिक्सेलचे.

शेवटच्या आकड्यापाशी नवख्या तुलनाकाराचा धीर सुटतो. आपल्याकडे कॅमेऱ्याची विचारपूस ‘किती मेगापिक्सेल?’ इथून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. तेच सारखे निघाले तर बोलायचे काय? मुरलेला तुलनाकार अशा वेळी शांतपणे एक्सेल उघडतो.

तक्त्यात किमान चाळीस ओळी असाव्यात. पहिली ओळ वजनाची. बॅटरी आणि कार्डासह आर५० भरतो ३७५ ग्रॅम, झेडव्ही-ई१० भरतो ३४३. फरक ३२ ग्रॅमचा. एवढ्या फरकावर दोन आठवडे सहज निघतात. ‘ट्रेकला प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो’ असे म्हणत राहावे. त्याच सॅकमध्ये आईने कोंबलेल्या दोन किलो चिवड्याचा उल्लेख करू नये.

दुसरी ओळ सेन्सरची. कॅननचा २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, सोनीचा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढले तर सोनीचा सुमारे एक दशांशाने मोठा. हा दशांश छायाचित्रात नेमका कुठे दिसतो असे कोणी विचारले, तर ‘डायनॅमिक रेंज’ हे दोन शब्द उच्चारावेत आणि विषय बदलावा. तिसरी ओळ वेगाची: कॅनन सेकंदाला १२ फोटो काढतो, सोनी ११. ज्या घरात आजवर एका कार्यक्रमाचे ११ फोटो कोणी धड पाहिलेले नाहीत, त्या घरात या बाराव्या फोटोवरून कडाक्याचे वाद व्हायला हवेत.

तक्त्याचा मूळ नियम असा की खरा फरक जितका मोठा, तितकी त्याची ओळ खाली. त्यानुसार व्ह्यूफाइंडर एकतिसाव्या ओळीत टाकावा. आर५० ला तो आहे. डोळा लावून बघायची छोटी खिडकी, आत सुमारे साडेतेवीस लाख ठिपक्यांचा चिमुकला पडदा. झेडव्ही-ई१० ला तो नाहीच. जे काय बघायचे ते मागच्या स्क्रीनवर. दिवाणखान्यात याने काही बिघडत नाही. पण सप्टेंबरात कासच्या पठारावर पाऊस थांबून लख्ख ऊन पडलेले असावे, समोर तेरड्याचा गुलाबी गालिचा असावा, आणि स्क्रीनवर मात्र आपलेच घामेजलेले कपाळ दिसावे, असा प्रकार होतो. हाताचा आडोसा करून, मान वाकडी करून माणूस अंदाजाने बटण दाबतो. चाळिशीचा चष्मा असलेल्यांचे हाल आणखी वेगळे. डोळ्याला लावलेला कॅमेरा स्थिरही राहतो, कारण त्याला कपाळाचा आधार मिळतो. या एका ओळीने अर्ध्या लोकांचा निर्णय जागच्या जागी होईल, म्हणूनच ती इतकी खाली ठेवायची.

लेन्स हा विषय तर तक्त्यात घेऊच नये. ‘किट लेन्स मिळते’ एवढी नोंद पुरे. घेतलाच तर फार लवकर उलगडा होतो. कॅननसोबत येते १८-४५, सोनीसोबत १६-५०. सगळे लगेच वरचा आकडा बघतात, झूम कोणाचा जास्त. पूर्ण फ्रेमच्या हिशेबात तो कॅननचा ७२ मिलिमीटर पडतो आणि सोनीचा ७५, म्हणजे भिगवणला उजनीच्या पाण्यात उभा असलेला रोहित दोन्हींत सारखाच गुलाबी ठिपका दिसतो. बघायचा असतो तो खालचा आकडा.

समजा घरी बारसे आहे. भरलेला हॉल, मध्ये पाळणा, एका बाजूला आत्या, पलीकडे दोन्ही आज्या, काकू, मावशी आणि ‘आम्हाला नको गं फोटोत’ म्हणत पुढे सरकणाऱ्या शेजारीण वहिनी. फोटो काढणारा भिंतीला पाठ टेकून उभा, पाळण्यापासून तीन मीटरवर. सोनीच्या १६ मिलिमीटरला तीन मीटरवरची साधारण ४.४ मीटर रुंदी मावते. कॅननच्या १८ ला ३.७ मीटर. मधले ७० सेंटिमीटर म्हणजे काठापदराच्या साडीतली एक पूर्ण आत्या. आणि बारशाच्या फोटोत आत्या नसेल तर तो फोटो काढणाऱ्याचे पुढच्या दहा वर्षांत काय होते, ते कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते. कॅननवाल्याने अशा वेळी उलट पावली स्वयंपाकघरात शिरावे, ओट्याला टेकून उभे राहावे, आणि गॅस बंद आहे ना एवढे बघावे.

दुसरा घोळ उजेडाचा. दोन्ही किट लेन्स झूम करून शेवटपर्यंत नेल्या की त्यांचे छिद्र आक्रसते, कॅननचे एफ ६.३ वर आणि सोनीचे ५.६ वर. या दोघींत सोनी थोडी बरी, असे तक्ता सांगेल. सांगू द्यावे. संध्याकाळची आरती, एक ट्यूबलाइट, निरांजनाचा उजेड आणि टाळ्या वाजवणारे हात. दोन्ही कॅमेऱ्यांत हातांच्या जागी पिवळट धुके येईल. एफ १.८ ची साधी लेन्स ६.३ च्या मानाने सुमारे बारा पट प्रकाश आत घेते. सव्वा पट आणि बारा पट यांतला फरक ज्याला कळला, तो कॅमेऱ्यांची तुलना सोडून लेन्स बघू लागतो, आणि हे मार्गदर्शन त्याच्यापुरते निरुपयोगी ठरते.

तसा कोणी निघालाच तर त्याच्यासाठी दोन ओळी. सोनीचे माउंट २०१० पासूनचे, त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्स त्याला ढिगाने मिळतात. कॅननने आपल्या आरएफ माउंटचे दार एपीएस-सी कॅमेऱ्यांपुरते या दोघांना २०२४ मध्ये उघडून दिले. अंतर अजून आहे, पण पूर्वीसारखी कोंडी राहिलेली नाही. आणि ‘फिफ्टी एमएम घ्या’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला जपून ऐकावा. या छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते. हॉलमध्ये उभे राहून गणपतीचा फोटो काढायला गेलात तर मुकुट आणि एक कान एवढेच पदरात पडते. घरासाठी ३० च्या आसपासची लेन्स बरी.

व्हिडिओच्या ओळीला तक्त्यात लाल रंग द्यावा. झेडव्ही-ई१० वर फोर-के व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांच्या वेगाने घेतला की कडा कापल्या जातात, चित्र १.२३ पटींनी आत ओढले जाते. हात लांब करून स्वतःचे चित्रण करणाऱ्याच्या वाट्याला मग नुसते गाल येतात. आर५० असे कापत नाही. परीक्षणे बघणारा प्रत्येक जण इथे सोनीचे दहा गुण वजा करतो. आता आपल्याकडची वीज बघू. ती ५० हर्ट्झची. आपल्या ट्यूबलाइटी आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे ३० च्या वेगाने घेतलेल्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसू शकतात. शहाण्याने सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० ठेवावे, पट्टे जातात. आणि २५ वर सोनीही कडा कापत नाही. म्हणजे ज्या दोषावरून महिनाभर खल केला, तो इथल्या दिव्याखाली उद्भवायचे कारणच नाही. ही माहिती तुलना पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगू नये.

किरकोळ बाबी झटपट उरकाव्यात. सोनीला हेडफोन लावायची सोय आहे, कॅननला नाही. माइकची दोघांना आहे. सोनीच्या खोक्यात माइकवर बसवायची केसाळ टोपी येते, ती मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात कामाला येते. कॅननला स्वतःचा छोटा फ्लॅश आहे, सोनीला नाही. मात्र मामाने दिलेला जुना फ्लॅश कॅननवर चढवायचा तर मध्ये वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. कॅमेऱ्याच्या आत हात थरथरण्यावरचा इलाज दोघांकडेही नाही, तो लेन्समध्ये आहे. पाणी-धूळ रोखणारे सीलिंगही दोघांना नाही. माळशेजला धबधब्याखाली नेऊ नये, आणि कोकणात घर असेल तर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, नाहीतर एका पावसाळ्यात बुरशी धरते. बॅटरी दोन्हींच्या बारशाला पुरतात, लग्नाला पुरत नाहीत.

तक्ता भरला की सल्लागार नेमावेत. एक लग्नाचे फोटो काढणारा असावा. तो दोन्ही नावे पूर्ण ऐकून घेण्याआधीच ‘फुल फ्रेम घ्या ना, साहेब’ म्हणतो. दुसरा इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या: ‘काका, कशाला? माझा फोन बघा.’ दिवसाउजेडी त्याचे म्हणणे बरेचसे खरे असते, म्हणूनच त्याचा राग येतो. तिसरा सल्लागार नेमावा लागत नाही, तो घरातच असतो. ‘गेल्या वर्षीच्या ट्रेडमिलवर हल्ली टॉवेल वाळतात, ते आधी काढा,’ असा अभिप्राय त्याच्याकडून येतो. तो विषयाच्या कक्षेबाहेरचा म्हणून दप्तरी दाखल करावा.

एवढे करूनही निर्णय जवळ येतोय असे वाटले तर घाबरू नये. कंपन्या मदतीला येतात. जुलै २०२४ मध्ये सोनीने झेडव्ही-ई१० चा दुसरा अवतार आणला, २६ मेगापिक्सेलचा आणि मोठ्या बॅटरीचा. मार्च २०२५ मध्ये कॅननने आर५० व्ही आणला, आणि त्यातून नेमका व्ह्यूफाइंडर काढून टाकला. झाले, दोन रकान्यांचे चार झाले. आता जुन्याची किंमत उतरेल म्हणून थांबावे, आणि उतरली की ‘जुने कशाला घ्यायचे’ म्हणून थांबावे. या अवस्थेत माणूस वर्षानुवर्षे सुखाने राहू शकतो. बाळ तेवढ्यात शाळेत जाऊ लागते.

ज्यांना हे सुख मानवत नाही, त्यांनी एके दिवशी सरळ मुंबईच्या फोर्टात बोरा बाजारात जावे आणि दोन्ही कॅमेरे हातात मागावेत. तक्त्यात न सापडलेल्या गोष्टी तिथे मिनिटभरात कळतात. सोनीचे बटण सरकवले की त्याची लेन्स आपणहून बाहेर येते. कॅननची हाताने फिरवून उघडावी लागते. विसरलात तर कॅमेरा फोटो काढत नाही, स्क्रीनवर सूचना दाखवतो, आणि तोवर बाळाचे जावळ काढून झालेले असते. उलट कॅननची पकड त्यामानाने खोल आहे. दुकानदार ‘विथ बिल की विदाउट?’ असे विचारील. बिलासह घ्यावा. १८ टक्के जीएसटी बिलावर बघून पोटात दुखते, पण पुढे दुरुस्तीची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरवाला आधी तोच कागद मागतो. मग दुकानदार बॅग, ट्रायपॉड, लेन्सवरचा फिल्टर असे सगळे काउंटरवर मांडील. त्यातले कार्ड आणि दुसरी बॅटरी तेवढी घ्यावी, बाकीच्यांना नमस्कार करावा.

आणि निकाल हवाच असेल तर घ्या. मुख्यतः फोटो काढणार असाल, तेही उन्हातान्हात, तर आर५०. कॅमेरा स्वतःकडे वळवून बोलणार असाल किंवा पुढे भरपूर लेन्स घ्यायचा विचार असेल, तर झेडव्ही-ई१०. कोणताही घेतलात तरी पैसे एफ १.८ किंवा त्याहून उजळ लेन्ससाठी राखून ठेवा. जायचे ते शनिवारीच जा, फोर्टातली बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात.